श्वेंकबाईंचा मंगळवार

माणूस एकटा येतो, एकटा जातो, आणि मधल्या काळात ज्याला एकटं राहण्याची कला साधते त्यालाच सुसंस्कृत म्हणावं. बाकी सगळी नुसती गर्दी. हा सिद्धान्त हैथम बेन रोमदान याने बावीस डिसेंबरच्या दुपारी, पाठीवर पुस्तकांची पिशवी आणि काखेत पातीच्या कांद्याची जुडी घेऊन ट्युबिंगेन या जर्मन गावातल्या एका जुन्या घराचा जिना चढताना मांडला. पहिल्या मजल्यापासून पुढच्या आठ पायऱ्यांत तो त्याला इतका पटला की उरलेलं आयुष्य याच पायावर उभारायचं असं त्याने ठरवूनही टाकलं. नवव्या पायरीवरून त्याला आपल्या खोलीचं दार दिसलं. दाराच्या मुठीला लाकडी पाटी लटकत होती. तिच्यावर वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, ‘झाडण्याचा आठवडा’.

पाटी ज्याच्या दाराला, त्याने तो आठवडाभर जिना झाडायचा आणि पुसायचा, तळघराचा बोळ स्वच्छ ठेवायचा, आणि बर्फ पडला तर सकाळी सातच्या आत घरासमोरची पायवाट मोकळी करायची. रविवारी संध्याकाळी पाटी पुढच्या दाराला. या भागात घरंच्या घरं या पाटीवर चालतात. लग्नं मोडतात, सरकारं पडतात, पाटी फिरत राहते. हैथमची पाळी खरं तर जानेवारीच्या अखेरीला होती. पण रिकाम्या दाराला पाटी लावायची नाही असाही एक नियम होता, आणि नाताळची सुट्टी लागली होती. पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य बायकामुलांसह बर्फाच्या डोंगरात घसरायला जाताना पाटी पुढच्या दाराला लावून गेले. त्या दारातला शिक्षक आईकडे निघाला होता, त्याने ती वर माळ्यावर नेली. माळ्यावरच्या दोघी बहिणी संध्याकाळच्या गाडीने जाणार होत्या, त्यांनी ती खाली आणली. प्रत्येकाने नियम तंतोतंत पाळला, आणि अख्खा जानेवारी एका दुपारात जिन्यावरून फिरून हैथमच्या दाराशी येऊन थांबला. आता घरात दोनच माणसं उरली होती: दुसऱ्या मजल्यावर तो, आणि तळमजल्यावर एक्याऐंशी वर्षांच्या श्वेंकबाई.

त्याने पाटी सरळ केली, आत गेला आणि दार लावलं. मग तो नेहमीसारखा दाराला पाठ टेकून थोडा वेळ उभा राहिला, कारण या खोलीत शांतता ऐकू यायची. हीटरच्या नळीत पाणी गुळगुळायचं, खिडकीच्या काचेमागे बर्फ कुणाला त्रास होऊ नये अशा बेताने पडायचा, आणि या दोन आवाजांच्या मधे जे काही होतं ते सगळं त्याचं एकट्याचं होतं. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या स्फाक्समध्ये, त्याच्या घरी, तीन खोल्यांत नऊ माणसं. तिथे त्याने बीजगणित शिकलं ते एका कानात आजोबांचा रेडिओ आणि दुसऱ्या कानात बहिणींचं भांडण घेऊन. विचार करायचा तर संडासात जावं लागे, आणि तिथेही बाहेरून कुणीतरी विचारी, ‘बरा आहेस ना रे?’ वीस वर्षं त्याला वाटत होतं की त्याला त्या घराचा कंटाळा आहे. इथे आल्यावर कळलं की कंटाळा नव्हता, त्याला फक्त खोली कधी ऐकू आली नव्हती. दिवसभर तो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तळ्यांच्या गाळातले दहा हजार वर्षांपूर्वीचे परागकण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखत बसे. हा पाइनचा, हा भूर्जाचा. पराग कधी काही विचारत नसत. संध्याकाळी तो पातीच्या कांद्याचं सूप करी, त्यात आईने पाठवलेलं भाजक्या सातूचं पीठ चमचाभर ढवळी, आणि ते उभ्या उभ्या, भांड्यातूनच, खिडकीपाशी खाई. बसून, ताटात घेऊन जेवणं हे दुसरं कुणी पाहत असलं तरच करायचं असतं, हा त्याचा आणखी एक सिद्धान्त होता.

तो सुखी होता, आणि हीच अडचण होती. रात्री अंथरुणावर पडल्यावर, जीभ किडक्या दाताचा शोध घेते तसा, तो मनात घराची आठवण चाचपून पाही. इथे दुखतंय का? बाबांच्या तंबाखूचा वास? नाही. उम्मीच्या, म्हणजे आईच्या, पायांचा आवाज, टाचा घासत चालण्याचा? येतो, पण दुखत नाही. ऑलिव्हची तोडणी चालू असेल आत्ता, झाडांखाली जाळ्या पसरलेल्या, मामेभावंडं शिडीवर, तेल नवीन असताना घशाशी जो ठसका लागतो तो? ठसका लागे, गोड वाटे, आणि तो झोपून जाई. सकाळी उठल्यावर मात्र त्याला शंका येई की आपल्यात मूळचंच काहीतरी कमी आहे. जसं काही माणसांना वास येत नाही.

घरच्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. परदेशात शिकायला गेलेल्या मुलाने हाल सोसायचे असतात, असा बेन रोमदान कुटुंबाचा ठाम समज होता, आणि पहिल्याच फोनवर उम्मीने ‘फार थंडी असेल ना रे?’ असं इतक्या आशेने विचारलं होतं की नाही म्हणणं त्याला उद्धटपणाचं वाटलं. ‘आहे,’ तो म्हणाला. ‘जेवणाचे हाल?’ ‘आहेत.’ पलीकडे एक समाधानाचा सुस्कारा. तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी, व्हिडिओ फोनच्या वेळेआधी, तो त्या उबदार खोलीत बनियनवर जाडा कोट चढवी, दिवा मालवी, आणि पुस्तकांनी भरलेल्या भिंतीकडे पाठ न करता ओलीच्या डागाच्या भिंतीकडे पाठ करून बसे. कोटात घाम सुटे. कपाळावरचा घाम पाहून उम्मी म्हणे, ‘ताप आहे वाटतं?’ आणि तो नाहीही म्हणत नसे. हे खोटं बोलणं आहे असं त्याला कधी वाटलं नाही. पाहुण्याने दिलेली मिठाई आवडली असं म्हणावं, तसं हे.

सत्तावीस तारखेच्या शुक्रवारी उम्मी फोनवर आली ती डोळे पुसत, पण हसत.

“हैथम, संपले रे तुझे हाल. मोनीर मामाने तेलाच्या कारखान्यात तुझी जागा केली आहे. तपासणीच्या खोलीत. पांढरा अंगरखा, टेबल, सगळं. एक फेब्रुवारीला हजर व्हायचं.”

“उम्मी, माझी पदवी अजून दीड वर्ष...”

“पदवीला काय, इथेही मिळते. तिथे अंधारात कुढत मिळवलेली पदवी घेऊन मी काय करू? तुझे बाबा दोन महिने मामाच्या मागे होते. मामा म्हणतो, पुढच्या शुक्रवारपर्यंत हो म्हणा, नाहीतर दुसरा मुलगा तयार आहे. मी हो म्हणणारच होते, पण बाबा म्हणाले, त्याच्या तोंडून ऐकू या. त्याचा चेहरा कसा उजळतो ते बघू या.”

हैथमने चेहरा उजळावा म्हणून प्रयत्न केला. पण दिवा मालवलेला असल्यामुळे तो कुणाला दिसला नाही. “विचार करून सांगतो,” एवढंच तो म्हणाला. उम्मीने त्याचा अर्थ मुलाला आनंदाने शब्द सुचत नाहीत असा लावला. फोन बंद झाल्यावर तो बराच वेळ तसाच कोटात बसून राहिला. सौजन्य म्हणून दर आठवड्याला थोडे थोडे हाल पाठवले होते. ते तिकडे साठत गेले, आणि आता त्यांची चांगली पांढऱ्या अंगरख्याएवढी नोकरी झाली होती. खरं सांगितलं तर? ‘उम्मी, मी इथे सुखात आहे’ हे वाक्य त्याने तोंडातल्या तोंडात अरबीत म्हणून पाहिलं, आणि ते एखाद्या गुन्ह्याच्या कबुलीसारखं वाजलं. दीड वर्ष दूर राहून दुखलं नाही, हे आईला कुठल्या तोंडाने सांगायचं?

रविवारी संध्याकाळी त्याने नियमाप्रमाणे पाटी श्वेंकबाईंच्या दाराला लावली. सोमवारी पहाटे खालून खरवडण्याचा आवाज आला. खिडकीतून त्याला दिसलं की दिवंगत श्वेंकसाहेबांचा घोट्यापर्यंतचा ओव्हरकोट घालून, कमरेत दुखणारा सांधा एका बाजूला झुकवून, बाई लाकडी फावड्याने बर्फ ओढताहेत. स्फाक्सच्या गल्लीत म्हातारी बादली उचलतेय आणि तरुण मुलगा बघतोय, असं झालं तर मुलगा घरी पोचायच्या आत बातमी पोचते. तो अनवाणी पायांत बूट सरकवून तीन तीन पायऱ्या एकदम उतरला आणि त्याने फावड्याचा दांडा धरला.

“द्या इकडे, बाई.”

“सोडा.”

“तुमचं वय...”

“माझं वय तुम्ही सांगू नका, बेन रोमदान. पाटी कुणाच्या दाराला आहे ते बघा.”

त्याने सोडलं. पण सोडणं त्याला सोसलं नाही. मंगळवारी तो साडेपाचला उठला, चोरपावलांनी खाली गेला, पायवाट मोकळी केली, बर्फाचा ढीग कुंपणापाशी नीट रचला, जिना वरपासून खालपर्यंत झाडला, पुसला, आणि परत येऊन संतासारखा झोपला. आठ वाजता दार वाजलं. श्वेंकबाई दारात उभ्या होत्या. दोन मजले चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती, पण त्यांनी ती चेहऱ्यावर येऊ दिली नव्हती.

“चोरी झाली आहे,” त्या म्हणाल्या.

“काय गेलं?”

“मंगळवार.”

बाई म्हणाल्या, “एकाहत्तर सालापासून या घरात माझा एकही आठवडा चुकलेला नाही. श्वेंक गेले त्या आठवड्यात पाटी माझ्याच दाराला होती. सगळे आले, म्हणाले, तुम्ही बसा, आम्ही करतो. मी म्हटलं, तुम्ही करता, मग मी काय करू?” एवढं बोलून त्या वळल्या आणि कठडा धरून खाली गेल्या. थोड्या वेळाने खिडकीतून त्याने पाहिलं. श्वेंकबाईंनी कुंपणाजवळच्या ढिगातला बर्फ फावड्याने पुन्हा पायवाटेवर आणला, सारखा पसरला, दोन पावलं मागे होऊन तो नीट पडला आहे ना हे पाहिलं, आणि मग सावकाश सगळा बाजूला केला.

मग मी काय करू? तो दिवस आणि पुढचा दिवस ते वाक्य हैथमच्या खोलीत राहायला आलं, आणि त्या शांततेत पहिल्यांदाच दोन माणसं झाली. पराग ओळखताना त्याला स्फाक्सचं स्वयंपाकघर दिसू लागलं. शुक्रवारची दुपार, मोठ्या परातीत कुसकुस, आणि उम्मी घास हातात धरून म्हणतेय, ‘त्याला आज काय मिळालं असेल?’ मग बाबा मान खाली घालतात, बहिणी गप्प होतात, आणि त्या दोन मिनिटांत नऊ माणसांचं ते भांडकुदळ घर कधी नव्हे ते एक होतं. त्याची काळजी करणं हे उम्मीचं काम होतं. रोज उठून झाडायची तिची पायवाट होती ती. तो सुखात आहे म्हटलं तर ती उद्या सकाळी उठून काय करेल? असा विचार करता करता त्याला स्वतःच्या मोठेपणाने भरून आलं. आईच्या सुखासाठी दुःखी राहणारा मुलगा! एकतीस डिसेंबरला सगळ्या गावाने फटाके उडवले, आणि तो पांघरुणात पडल्या पडल्या मनातल्या मनात पांढरा अंगरखा घालून पाहत होता. अंगरखा खांद्यात घट्ट होत होता.

गुरुवारी सकाळी खोलीत उजेड वेगळा आला. जरा पिवळट, जुन्या कागदासारखा. खिडकीबाहेरचा बर्फ पांढरा नव्हता. कुणीतरी त्याच्यावर हळद-मीठ भुरभुरलं असावं तसा दिसत होता. हैथमने ओळखला तो रंग. दक्षिणेचा वारा सुटला की उम्मी पडदे ओले करून खिडक्यांवर टाकायची, आणि तरी संध्याकाळी ताटांवर बोट फिरवलं की हाच रंग बोटाला लागायचा. दाताखाली कच्च्‌ होणारी ती बारीक माती डोंगर, समुद्र आणि आल्प्स ओलांडून त्याच्या मागे इथवर आली होती. इथे दुखतंय का? त्याने चाचपलं. नाही. पण हसू आलं, आणि डोळेही थोडे भरले.

“बेन रोमदान!” खालून हाक आली. “खाली या.”

श्वेंकबाई ओव्हरकोटात, झाडू काठीसारखा टेकून, पायवाटेच्या मधोमध उभ्या होत्या.

“रेडिओवर सांगताहेत की हे वाळवंटातून आलंय. तुमच्याकडून.”

“माझं गाव समुद्रकाठी आहे, बाई. वाळवंट तिथून खूप लांब...”

“तुमच्या देशाचं आहे की नाही?”

“बहुतेक अल्जीरियाचं असावं.”

“शेजाऱ्यांवर ढकलू नका.” बाईंनी बर्फावरून हातमोज्याचं बोट फिरवलं आणि ते त्याच्यापुढे धरलं. “माझ्या आठवड्यात, माझ्या पायवाटेवर, तुमची धूळ. माझं काम बर्फ काढायचं. हे काढायला मी बांधलेली नाही.” आणि त्यांनी झाडू त्याच्या हातात दिला.

तो झाडू लागला. बाई मागोमाग चालत होत्या आणि सूचना देत होत्या. “कोपरे. कोपऱ्यांत जा. तुमच्याकडे कोपरे नसतात का?” “असतात, पण तिथे कुणीतरी बसलेलं असतं.” बाई नाकातून हसल्या. दारापासून कुंपणापर्यंत त्याने सगळा पिवळा बर्फ गोळा केला, आणि त्याला असं वाटलं की आज आपण पहिल्यांदाच या घरात काहीतरी आपलं करतोय. नंतर बाईंनी त्याला आत बोलावलं. सोळा महिन्यांत तो त्यांच्या उंबऱ्याच्या आत गेला नव्हता. स्वयंपाकघरात टेबलावर बडीशेपेच्या वासाची, ठसे उमटवलेली पांढरी बिस्किटं होती, नोव्हेंबरात भाजून ठेवलेली, दगडासारखी.

“चहात बुडवा. दाताने फोडू नका, दंतवैद्य सुट्टीवर आहे.”

त्याने बुडवलं. बडीशेपेचा वास नाकात गेला, ईदच्या आदल्या दिवशीच्या भट्टीसारखा.

“घरी का नाही गेलात?” बाईंनी विचारलं. “सगळे जातात.”

हे त्याला आजवर कुणी सरळ विचारलं नव्हतं. आणि परक्या भाषेत खरं बोलणं सोपं जातं, शब्दांना घरचा वास नसतो. “मला इथे बरं वाटतं,” तो म्हणाला.

“मग बरंय.”

“आईला माहीत नाही. तिला वाटतं मी हाल काढतोय. म्हणून तिने तिकडे नोकरी शोधली आहे. उद्या उत्तर द्यायचंय.” मग त्याने तो थोर विचारही सांगून टाकला. “मी सुखात आहे म्हटलं तर तिला काळजी करायला काय उरेल? तुम्हीच म्हणालात ना, मग मी काय करू? मी तिचं काम तिच्या हातात राहू देतोय.”

श्वेंकबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. “मी असलं काही म्हणाले नाही,” त्या म्हणाल्या. “मी माझ्या पायवाटेवरचा बर्फ काढते, कारण तिथे बर्फ असतो. तुम्ही तो तिच्या दारात रोज नेऊन टाकताय. वर म्हणताय, बघा, तिला काम दिलं.” त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. “आणखी एक घ्या. आणि जाताना फावडं तळघरात ठेवा, दांडा वर करून.”

शुक्रवारी दुपारी हैथम दाढी करून, बनियनवर, दिवा लावून, पुस्तकांच्या भिंतीकडे पाठ करून बसला. फोन लागला. स्वयंपाकघरात उम्मी, तिच्यामागे बाबा ऑलिव्हच्या टोपल्यांतून पानं निवडत होते.

“अरे, कोट कुठाय तुझा? विकलास?”

“खोली गरम आहे, उम्मी.”

“आज गरम आहे?”

“रोजच असते.”

उम्मीने, एखाद्या वैद्यासारखं, क्रमाने विचारायला घेतलं. “जेवलास?” “सूप. मीच करतो. मला आवडतं.” “झोप?” “नऊ तास.” “नऊ!” उम्मीने असं म्हटलं की कुणीतरी गेल्याचं कळावं. “आणि एकटं वाटतं त्याचं काय?”

“एकटं वाटतं,” हैथम म्हणाला. “पण बरं वाटतं. उम्मी, मी इथे सुखात आहे. पहिल्यापासून. तू इतक्या मायेने विचारायचीस की नाही म्हणवेना. मला मामाची नोकरी नको. तुमची सगळ्यांची आठवण येते, रोज येते. पण दुखत नाही. माझं काय चुकतंय मला कळत नाही.”

मग उम्मी मागे वळली.

“ऐकलंत? तो सुखात आहे म्हणतोय.”

“कधीपासून?” बाबांनी मान वर न करता विचारलं.

“पहिल्यापासून म्हणे.”

बाबांनी एक पान निवडून बाजूला टाकलं. “मग मोनीरला सांगतो, दुसरा मुलगा घे,” ते म्हणाले, आणि हैथमला वाटलं की त्यांचे खांदे, दोन महिने कुणाच्यातरी मागे फिरलेले खांदे, जरा खाली आले. उम्मी पुन्हा फोनच्या पडद्याजवळ आली, इतकी जवळ की नुसता तिचा एक डोळा आणि रुमालाची कड दिसत होती. ती त्याला पाहत होती. उजेडात, दीड वर्षानंतर पहिल्यांदाच.

“गाल भरलेत तुझे,” ती म्हणाली. “आणि मी मूर्ख, दीड वर्ष दर शुक्रवारी तुझ्या वाटणीचं कुसकुस शेजारच्या म्हाताऱ्या तय्यबला देत होते. तुझे हाल कमी व्हावेत म्हणून.”

“झाले ना कमी.”

“तय्यब केवढा सुटलाय, बघ जरा येऊन,” उम्मी म्हणाली, आणि हसली, आणि डोळे पुसले, आणि पुन्हा हसली. मग टोपलीतलं एक ऑलिव्ह उचलून बोटांत फिरवत बसली. “दुखत नाही, त्यात चूक काय आहे? दुखायला काय आम्ही मेलोय?” ती म्हणाली. “राहा बाबा. शीक. सुखात राहा.” हैथमच्या छातीतलं काहीतरी, जे तिथे आहे हेच त्याला माहीत नव्हतं, सुटून मोकळं झालं. त्याला वाटलं आता काहीतरी बोलावं, आजवर या दोघांत कधी बोललं गेलं नाही असं काही. तो तोंड उघडणार तोच उम्मीने मागे पाहिलं, बाबा ऐकत नाहीत याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

“फक्त एक कर. रविवारी झोहरा मावशी तुला फोन करणार आहे. तुझे हाल तिने सगळ्या गल्लीला रडून सांगितलेत, तिची अब्रू जाईल. तोवर तेवढी दाढी करू नकोस.”